शकूचं जॅकेट अर्धवट नव्हतं

रेवा, निनाद,

गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो तेव्हा मागून निनादचा आवाज आला, की शाळेच्या मॉडेलचं राहिलेलं नंतर बघू. त्यावर रेवा, तू हसत त्याला म्हणालीस, "ए, शकूआजी करू नकोस. पूर्ण कर." तुमची आईही हसली. म्हणजे तुमच्याकडे बंगळुरूला हा शब्द आता रुळला आहे. एखादी गोष्ट हौसेने सुरू करायची आणि अर्ध्यात टाकून द्यायची, याला तुम्ही शकूआजी करणं म्हणता. फोन ठेवल्यावर मी दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवलं. हा शब्द तुम्हाला माझ्याकडून मिळाला आहे आणि तो खोटा आहे.

तिला जाऊन अजून फार दिवस झाले नाहीत. पण आणखी काही वर्षांनी तुम्हाला तिचा चेहरा धूसर आठवेल आणि हा शब्द मात्र स्पष्ट आठवेल. म्हणून आत्ताच लिहिते आहे. तुम्हालाच सगळं सांगायला बसले तर मी त्याचा नीटनेटका अहवाल करीन आणि त्यात स्वतःला सांभाळून घेईन. इतकी वर्षं मुख्याध्यापिका होते, ती सवय जात नाही. तेव्हा जिच्याबद्दल हे आहे, तिच्याशीच बोलते. तुम्ही ऐका.

शकू,

तू माझी धाकटी जाऊ. मी तुला शकू म्हणायचे आणि तू मला बाई. लग्न होऊन तू पांढुर्ण्याच्या घरात आलीस तेव्हा मी शाळेत नोकरीला होते. मी इंग्रजीचे पेपर तपासत बसायचे आणि माझा मुलगा, म्हणजे या दोघांचा बाबा, तुझ्या कडेवर असायचा. त्याला पहिला घास तू भरवलास. पुढे भाऊजींची बदली सौंसरला झाली, तुम्ही तिकडेच घर केलंत, भाऊजी गेल्यावरही तू तिथेच राहिलीस. मी म्हटलं होतं, ये पांढुर्ण्याला, दोघी राहू. तू म्हणालीस, "तुमच्या घरी चमचे बी लायनीत झोपतात वो बाई. मले नाही जमत." मला राग आला होता. पण हे गेले तेव्हा तू न बोलावता आलीस आणि महिनाभर माझ्या खोलीत खाली गादी टाकून झोपलीस. सतत बोलत होतीस. शेजारणीची सून, बसमधलं भांडण, भरताची वांगी. मी वैतागत होते. तू सौंसरला परत गेल्यावर घरातला तो आवाज बंद झाला, तेव्हा कळलं की तू का बोलत होतीस. ते तुला कधी सांगितलं नाही.

जॅकेटचं सुरू झालं ते गेल्या उन्हाळ्यात. रेवा सुट्टीला आली होती आणि तू सौंसरहून लोणचं घेऊन आली होतीस. रेवा मोबाइलवर काहीतरी बघत होती. आकाशात उडणारं एक जहाज, त्यावर यंत्रं दुरुस्त करणारी एक उंच मुलगी, अंगात गुडघ्यापर्यंतचं मोहरी रंगाचं जॅकेट, एक बाही काळी. मी म्हटलं, इतकी मोठी झालीस आणि कार्टून बघतेस? ती म्हणाली, "आजी, हे कार्टून नाही, ॲनिमे आहे." मी चष्मा पुसायला उठले. तू तिच्या शेजारी बसलीस. हिंदीत बोलणारी आवृत्ती तिने तुला लावून दिली आणि पुढचे दोन दिवस तुम्ही दोघींनी त्या जहाजावर काढले. जेवायला हाक मारली तर तू म्हणायचीस, "थांबा वो बाई, तिच्या बापाचा पत्ता लागून राहिला."

मग रेवाने सांगितलं की बंगळुरूला एक मेळावा असतो, तिथे जो तो आपल्या आवडत्या पात्राच्या वेशात येतो. तिला हीच मुलगी व्हायचं होतं. जॅकेट विकत मिळतं, पण ते चमकतं, खोटं वाटतं.

"म्हणजे आपला तान्हा पोळा," तू म्हणालीस. "पोरं सजतात, नंदीबैल घेऊन फिरतात."

"तसंच. पण यात मोठेसुद्धा सजतात."

"मंग तं अजून चांगलं. मोठ्या माणसाइले कोण सजू देते?" आणि लगेच, "मी शिवून देतो तुले."

मी म्हटलं, "शकू, तुझ्या उशीच्या अभ्र्यालासुद्धा तीनच कोपरे सारखे असतात." रेवा हसली, तूही हसलीस. ते खरंच होतं. तुझी शिवण तिरपी जायची, तुला वेळेचं भान नसायचं, आणि माझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर दोन हिवाळे एकाच बाहीवर अडून होता. हे सगळं खरं होतं, म्हणूनच पुढे माझं खोटं इतकं सहज खपलं.

नव्या कापडाचं ते जॅकेट होणार नाही, हे तू आधीच ठरवलं होतंस. त्या मुलीचं जॅकेट वापरलेलं आहे, बापाचं आहे, मग नवं कापड कसं चालेल, असं तुझं म्हणणं. रेवाने तुला कुठल्या कुठल्या मुलींचे व्हिडिओ पाठवले होते, जुने कपडे उसवून त्यातून हवं ते शिवणाऱ्या. सौंसरच्या बाजारात थंडीच्या आधी जुन्या कपड्यांचे ढीग लागतात, ते तुला माहीत होते. पुढे मी सौंसरला आले, त्या दिवशी तू मला फक्त "बाजारात चला" म्हणालीस. मला वाटलं भाजी घ्यायची आहे.

ताडपत्रीवर कोटांचा, शर्टांचा, कुणाकुणाच्या उतरलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि तू त्यात कोपरापर्यंत हात घालून बसलीस. मी दोन दुकानं सोडून कांद्यांसमोर उभी राहिले. वाकून कांदे बघत होते तोच माझी एक जुनी विद्यार्थिनी समोर आली. आता ती स्वतः शिक्षिका आहे. "मॅडम, तुम्ही इकडं?" असं विचारत होती, आणि तेवढ्यात तू ढिगातून एक मोहरी रंगाचा ओव्हरकोट वर धरलास आणि बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "बाई, या इकडं जरा, आंगाले लावून पाहू द्या. रेवा तुमच्याएवढीच खांद्यात आहे."

मी त्या मुलीला "येते हं" म्हटलं आणि सरळ बसस्टँडवर गेले. तुला न सांगता. बसमध्ये बसल्यावर तुझा फोन आला.

"कुठी गेल्या वो? मी कोट घेऊन शोधून राहिली तुम्हाले."

"मी पांढुर्ण्याला निघाले. शकू, कुणाच्या अंगावरचे कपडे ते. मेलेल्याचे असतील, आजाऱ्याचे असतील. माझ्या नातीच्या अंगावर असलं काही नको. आणि लोकांदेखत तरी असं करू नये."

तू मग म्हणालीस, "तुमच्या उतरलेल्या साड्या मी बारा वर्षं नेसली. तवा तुम्हाले लाज नाही वाटली, मले बी नाही वाटली. मंग आता कोणाले वाटून राहिली?"

बस सुरू झाली आणि मी म्हटलं, आवाज येत नाही. आवाज येत होता. आपलं ते बोलणं तिथेच राहिलं. पुढे तूही काढलं नाहीस. मी तर काढणारच नव्हते. त्या साड्या मी तुला घडी घालून, इस्त्री करून द्यायचे, इतकंच मला आठवतं. तू त्या घेताना काय म्हणायचीस, ते कितीही आठवलं तरी आठवत नाही.

नवरात्रात तुझ्याकडे आले तेव्हा जॅकेट खुंटीला होतं. त्या ओव्हरकोटाचं तू काय काय केलं होतंस. कॉलर उभी केली होतीस, ती ताठ राहावी म्हणून आत कुण्या शाळेच्या ब्लेझरचं बकरम घातलं होतंस. काळी बाही रेनकोटाच्या कापडाची, पण ती अजून टाचण्यांवर होती. दुसरी बाही जागेवर. पाठीवर खडूने तीन पंखांच्या पाखराची खूण काढलेली. स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं. मी ते बघितलं आणि मला आवडलं. कॉलर डावीकडे जरा तिरपी होती, तरीही आवडलं.

मी काय म्हणाले? "सोड्याच्या गरम पाण्यात धुतलंस ना?"

"तीनदा धुतलं. आता ह्याले खराब करा लागते."

मला वाटलं तू चिडून बोलतेस. मी विचारलं नाही. चहा झाला, मी निघाले.

दिवाळीनंतर तू गेलीस. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी तुझं घर आवरायला घेतलं. नागपूरहून, छिंदवाड्याहून माणसं यायची होती. तुझ्या मागच्या खोलीत शिलाई मशीन आणि तिच्याभोवती उसवलेल्या पँटी, एका बाहीचे शर्ट, तुटक्या चेनी, कोटांची अस्तरं. नातेवाईक हात धुवायला त्याच खोलीतून मागे जाणार. मला वाटलं, ते म्हणतील शकूने शेवटी शेवटी लोकांच्या चिंध्या गोळा करायला सुरुवात केली होती. म्हणतील, हिच्या जावेने बघितलं नाही का. खरं तर मला काय म्हणतील, हेच जास्त वाटलं.

मी जॅकेटही शोधत होते. रेवाचा मेळावा जवळ आला होता. मी मोहरी रंगाचं, धुतलेलं, इस्त्री केलेलं जॅकेट शोधत होते. कपाटात नव्हतं, खुंटीला नव्हतं. मशीनवर एक लांब मळकट कोट होता, उलटा घडी केलेला, अस्तर बाहेर. खालची कड जळालेली. बाहेर डोकावणाऱ्या बाहीचं कापड कोपरावर घासून पांढरं पडलेलं. मी तो दोन बोटांनी उचलला आणि गाठोड्यात टाकला. उलगडून बघितला नाही.

आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने कपडे देतात तेव्हा पाणी सोडतात, आणि पाणी सोडलेलं परत मागत नाहीत. रामाकोन्याचा तुझा संत्र्याचा बगीचा देवका आणि तिचा नवरा बटईने, पिकातल्या वाट्यावर, करतात, म्हणून देवकाला बोलावलं होतं. तुझ्या साड्यांचं एक गाठोडं आणि त्या ढिगाचं एक. मी पळीभर पाणी सोडलं, तुझं नाव घेतलं आणि देवकाला म्हटलं, "यातलं कामाचं असेल ते ठेव, बाकीचं पोतेरं कर."

देवकाने गाठोड्यात हात घालून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला काही विचारायचं होतं. मी दुसऱ्या खोलीत गेले.

त्या संध्याकाळी मी रेवाला फोन केला. सांगितलं, जॅकेट सापडलं नाही, अर्धवटच राहिलेलं दिसतं. ती म्हणाली, "पण शकूआजी म्हणाली होती की झालंय. फक्त मला दाखवणार नव्हती, आल्यावर बघ म्हणाली." आणि जिने तुझ्या मांडीवर स्वतःचं मूल वाढवून घेतलं, ती मी म्हणाले, "ती असंच म्हणायची बाळा. तिची कुठली गोष्ट पूर्ण व्हायची? माझा स्वेटर आठवतो ना?"

रेवा म्हणाली, "हो." मग म्हणाली, "मग मी नाही जात." ती गेली नाही.

तोडणी सुरू झाली तेव्हा मी रामाकोन्याला गेले. तुझ्यामागे बगीच्याचं आता मलाच बघायचं होतं. सकाळची थंडी होती, जमिनीवर दव होतं, बायका झाडांखाली संत्री गोळा करत होत्या. एक उंच बाई शिडीवर पाठमोरी होती. तिच्या पाठीवर तीन पंखांचं पाखरू होतं, पांढऱ्या कापडाचं, कडेने बारीक शिवलेलं. काळी बाही फांदीत होती.

मला ओळखायला वेळ लागला असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी लगेच ओळखलं.

देवका खाली आली. "या बाई. चहा ठेवू का?" मी जॅकेटकडे बघत राहिले, तेव्हा तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. "गरम आहे बिलकुल. फाटकं दिसते, पण कुठी फाटलं नाही. शकूबाईनं मुद्दाम केलं ते. मी गेली होती तवा कुंपणाच्या भिंतीले घासून राहिली होती. मी म्हटलं, काऊन वो, नव्याचं वाटोळं करून राहिल्या? तं म्हणे, चहाच्या पाण्यात बी बुडवलं, आता कड जाळतो. म्हणे त्या पोरीच्या बापानं लढाईत घातलं होतं. कोणती पोरगी, कोणता बाप, मले काही समजलं नाही."

"तुला माहीत होतं, कशासाठी आहे ते?"

"नातीसाठी. माह्याच अंगावर तं माप घेतलं. म्हणे तुह्याएवढीच उंच आहे." मग म्हणाली, "तुम्ही गाठोड्यात देलं तवा मले वाटलं, पोरीनं नाही म्हटलं असन. शहरातल्या पोरीले कायले पाहिजे असं."

शकू, मी मान हलवली. हो किंवा नाही असं काही बोलले नाही. देवकाने त्याचा अर्थ हो असा घेतला आणि तो तसा घ्यावा म्हणूनच मी मान हलवली होती. तुला अर्धवट ठरवलं होतंच, आता रेवालाही तिने कधी न केलेल्या नकाराची धनी केलं. चहा पिऊन, संत्र्यांची एक पिशवी घेऊन मी परत आले. ती संत्री मी कुरिअरने बंगळुरूला पाठवली. रेवाने फोन करून सांगितलं, गोड आहेत.

त्यानंतर रविवारचा तो फोन. "शकूआजी करू नकोस."

तुझ्याबद्दल मला जे वाटत होतं त्यातलं बरंचसं अजूनही तसंच आहे. तू कुणाच्याही घरी न कळवता जायचीस. तू माझी छत्री कधी परत केली नाहीस. तुझ्या हातची भाजी खारट असायची आणि तुला ते सांगितलेलं चालायचं नाही. तू गेलीस म्हणून हे बदलत नाही, आणि तुलाही मी गोडगोड लिहिलेलं आवडलं नसतं. पण एका मुलीला जे हवं होतं ते तू नीट ऐकलंस. तिने दाखवलेलं सगळं शेवटपर्यंत बघितलंस. धुतलेलं चांगलं जॅकेट भिंतीवर घासायला बसलीस, शेजारी हसतील याची पर्वा न करता. मी त्याच मुलीची सख्खी आजी. त्या जहाजावरच्या मुलीच्या बापाने ते लढाईत घातलं होतं, हे मला देवकाकडून कळलं.

काल पुन्हा रामाकोन्याला गेले. या वेळी झाडाखाली बसले आणि देवकाला सांगितलं की रेवाने नाही म्हटलेलं नाही. तिला ते दिसलंच नाही. मी न बघता दिलं आणि तिला खोटं सांगितलं. देवका संत्री निवडत होती, तिने हात थांबवला नाही.

"मंग तं तिचं आहे ते."

"पाणी सोडलेलं आहे, देवका. परत कसं मागू?"

"पाणी तुम्ही सोडलं. शकूबाईनं थोडीच सोडलं." तिने एक डागी संत्रं बाजूला टाकलं. "तिले विचारा. पाहिजे असन तं देतो. पण माघ सरू द्या, सकाळी इथं लय गारठा असते. अन् मले दुसरं आणून द्या. असंच लांब. नवं असलं तरी चालन."

मी म्हटलं, आणते. तिने विचारलं, "मांगल्या वेळी काऊन नाही सांगितलं?" मी म्हटलं, लाज वाटली. ती म्हणाली, "कायची?" दिलेलं परत मागण्याची नव्हती, चिंध्यांची नव्हती. इतकी वर्षं मुलांना सांगत आले की चूक कळली की उभं राहून सांगा, आणि स्वतः मान हलवून बसले, त्याची असेल. पण ते तिला सांगून काय होणार होतं? मी तिच्याबरोबर थोडी संत्री निवडली.

रेवा, ते तुला हवं आहे की नाही हे तू ठरव. देवकाशी तू स्वतः बोल, नंबर तुझ्या बाबाकडे आहे. मी मध्ये पडणार नाही. निनाद, तुमच्या घरातला तो शब्द आता वापरू नका. वापरायचाच असेल तर तो माझ्या नावाने वापरा.

शकू, तू जॅकेट पूर्ण केलं होतंस. ते रामाकोन्याला आहे. काळ्या बाहीचं मनगटाजवळचं एक बटण पडलं आहे. बाकी सगळं शाबूत आहे.